चौगुल्यांचा च

“जीभ कुठे आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

वर्गात नवा विद्यार्थी आला की त्या पर्समधून एक गोल आरसा काढत, त्याच्या तोंडासमोर धरत आणि हिंदीत विचारत, “जीभ कहाँ है? देखकर बताइए.” विद्यार्थी विशीतला असो की पन्नाशीतला, जीभ पाहायला त्याला तोंड उघडावं लागे, आणि तोंड उघडं ठेवून उत्तर देता येत नसे. त्या शांतपणे थांबत. मग स्वतःशीच मराठीत म्हणत, “स्वतःची वस्तू, पण ठेवलीय कुठे ते माहीत नाही.” हे वर्गात कुणाला कळत नसे. त्यांची तशी अपेक्षाही नसे.

मी त्यांना बाई म्हणत असे. विद्यार्थी मैम म्हणत. घरी यजमान थट्टेने प्रोफेसर म्हणत. विद्यापीठाच्या कागदांवर त्या ‘अतिथी शिक्षक’ होत्या, आणि मी त्यांना ओळखू लागले तेव्हा अतिथी म्हणून त्यांना वीसेक वर्षं झाली होती. जयपूरच्या त्या विद्यापीठात भूगोल विभागाच्या वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत त्या संध्याकाळी रशियन शिकवत.

आमची ओळख एका चुकीमुळे झाली. मी इथल्या एका हिंदी दैनिकात शिक्षणाचं पान पाहते. परदेशी शिक्षणाच्या एका पानात आम्ही किर्गिझस्तान रशियात घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई खातीपुऱ्याहून दोन बस बदलून कार्यालयात आल्या. बरोबर घडी घातलेला नकाशा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर, चालू कामावर, पसरला. माझं आडनाव ऐकून त्या मराठीत वळल्या, पण आवाज काही खाली आला नाही.

“अगं, देश आहे तो. वेगळा, स्वतंत्र. इथली एवढी मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात आणि आपला मुलगा कुठल्या देशात आहे, हे तुमचं पान वाचून त्यांच्या आयांना कळायचं नाही.”

आम्ही दुरुस्ती छापली. ती छापून येईपर्यंत त्या रोज फोन करत होत्या.

पुढे दर वर्षी प्रवेशांच्या दिवसांत त्यांचा फोन येऊ लागला. रशियन आणि युरेशियन अभ्यास म्हणजे नुसती भाषा नव्हे, हे त्यांनी मला चार-पाच वेळा सांगितलं असेल. त्या प्रदेशाचा इतिहास, व्यापार, मध्य आशियातले देश, तिथले कायदे, रेल्वेमार्ग, सगळं त्यात येतं. दिल्लीत तो कुठे शिकवतात, रशियातली कोणती विद्यापीठं परदेशी मुलांना शिष्यवृत्तीवर घेतात, अर्ज कधी सुटतात, ही सगळी माहिती त्यांच्याकडे कापडी पिशवीतल्या एका फाइलमध्ये असे. फाइल कुणालाही बघायला मिळे, घरी न्यायला मिळत नसे. “संधी नाही असं नसतं,” त्या म्हणत. “फॉर्म अर्धा असतो.”

स्वतः त्या रशियाला कधीच गेल्या नव्हत्या. पुण्यात शिकत असताना मॉस्कोच्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी त्यांची निवड झाली होती. कागद आले, आईने गरम कपडे शिवून घेतले, आणि ज्या देशाने बोलावलं होतं तो देशच मोडला. अभ्यासक्रम रद्द झाला. मग लग्न, विमा कंपनीतल्या यजमानांच्या बदल्या आणि शेवटी जयपूर. हे सगळं त्या हवामान सांगावं तसं सांगत. मी एकदा वाईट वाटल्याचं काहीतरी बोलले, तर त्या म्हणाल्या, “कपडे वाया नाही गेले. भावाला झाले.”

आता च बद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं.

तुम्ही मराठी वाचक आहात, म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. जयपुरात ते समजावताना बाईंचा अर्धा तास जात असे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च आपण एकच अक्षर लिहितो आणि दोन तऱ्हांनी बोलतो. हिंदीत पहिलाच आहे. रशियनमध्ये दोन्ही आहेत आणि दोघांना दोन वेगळी अक्षरं आहेत. पहिल्याचं अक्षर इंग्रजी चारच्या आकड्यासारखं. दुसऱ्याचं उलट्या टेबलासारखं, खाली बारीक शेपूट असलेलं. या शेपटीवाल्या अक्षरापाशी जयपूरच्या जिभा अडत. जोहरी बाजारात खड्यांच्या दुकानात बसणारा एक तरुण वर्गात होता. रशियन गिऱ्हाइकाला किंमत सांगायची तर किंमत या शब्दाच्या सुरुवातीलाच हे अक्षर. तो ‘चेना’ म्हणे, बाई ‘त्सेना’ म्हणायला लावत.

शेवटी त्या फळ्यावर ‘चोर’ लिहीत आणि आधी हिंदीत, मग मराठीत वाचून दाखवत. “हिंदीचा चोर वेगळा, मराठीचा चोर वेगळा. रशियनला दोन्ही चोर लागतात.” वर्ग हसे. बाई हसत नसत. आरसा फिरत राही.

वर्ग लहान होता. नियम असा की यादीत किमान पाच विद्यार्थी हवेत. आदल्या वर्षी चारच होते. तेव्हा विद्यापीठाने एक वर्षाची सवलत दिली आणि पुन्हा मिळणार नाही असं लेखी कळवलं. या वर्षी बरोबर पाच झाले: खड्यांच्या दुकानातला तरुण, आमेरचा किल्ला दाखवणारा गाइड, रेल्वेतून निवृत्त झालेले एक अभियंता, किर्गिझस्तानात डॉक्टरकीला निघालेली एक मुलगी. पाचवी सोनल चौगुले.

सोनल झोटवाड्यात राहणारी. वडील विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर. घर मूळचं सांगलीकडचं, पण सोनलचा जन्म जयपूरचा. मराठी तिला समजे, बोलताना मात्र ती मध्येच थांबून हिंदीतून शब्द उचले. वडिलांचे पंप कझाकस्तानला जात. पेट्यांवरच्या पत्त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून ती लहानपणी चिडली होती, आणि तेवढ्यावरून ती इथवर आली होती. तिला रशियात एम.ए. करायचं होतं, युरेशियन अभ्यासात. तीन वर्षं तिने बाईंकडे धडे घेतले होते. त्या वर्षी तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला.

बाई सांगलीच्याच. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी ‘चौगुले’ हे नाव सांगलीत म्हणतात तसं, चाकातल्या च ने, पुकारलं. कुणीच हात वर केला नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. सोनल आजूबाजूला पाहत राहिली, कारण जन्मापासून शाळेत, घराशेजारी, बसमध्ये ती चारच्या च ची चौगुले होती. तिसऱ्यांदा तिने अंदाजाने हात वर केला.

“तुझंच नाव आहे ना ते?”

“मतलब, हो. पण असं कोणी म्हणत नाही, मॅम.”

“आता म्हणतील,” बाई म्हणाल्या आणि हजेरी पुढे गेली.

शिष्यवृत्तीला सोनलची निवड झाली. पत्र आलं त्या दिवशी वर्गात मावा कचोरी आली. बाईंनी अर्धी खाल्ली आणि धडा पूर्ण केला. पुढचं काम कागदांचं होतं. शाळेच्या, कॉलेजच्या सगळ्या गुणपत्रिका रशियनमध्ये भाषांतर करून पाठवायच्या. ती भाषांतरं बाईंनी स्वतः केली. पासपोर्टचं भाषांतर दिल्लीच्या एका कार्यालयाने करून परस्पर पाठवलं.

तीन आठवड्यांनी रशियातल्या विद्यापीठाचं उत्तर आलं. गुणपत्रिका एका व्यक्तीच्या आहेत आणि पासपोर्ट दुसऱ्या व्यक्तीचा आहे. दोन्ही एकाच मुलीचे असल्याचं अकरा दिवसांत सिद्ध करावं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

दिल्लीच्या भाषांतरकाराने पासपोर्टवरचं इंग्रजी आडनाव पाहून चारच्या आकड्यासारखं अक्षर लिहिलं होतं. बाईंनी सगळ्या गुणपत्रिकांवर शेपटीवालं लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी खातीपुऱ्यात त्यांच्या घरी होते. सोनल आणि तिचे वडील आलेले. वडील कारखान्यातून तडक आले होते, छातीवर नावाची पट्टी तशीच.

“बाई, साधं नाव आहे आमचं. त्यात चुकलं काय?”

“चुकलं नाही. बरोबर लिहिलं, म्हणून अडलं,” बाई म्हणाल्या. “चूक माझी आहे.”

सोनल रडवेली झाली होती. तिने हिंदी-मराठी मिसळून सांगितलं की ती स्वतः तर कायम हिंदीवालाच च बोलते, दुसरा फक्त मॅमच बोलतात.

“तो दुसरा नाही, तो तुझा आहे,” बाई म्हणाल्या. “पण पासपोर्टात तो तुझा नाही, हे मी विसरले.”

त्यांनी ती चूक पुन्हा उच्चारली नाही. यजमानांनी ‘होतं असं’ म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा बाईंनी त्यांना आतून स्टेपलर आणायला सांगितलं. अकरा दिवसांचा तक्ता त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे आखला आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावला. मला वाटतं, त्या अकरा दिवसांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही.

पहिलं काम, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली बसणाऱ्या टायपिस्टने विचारलं, एका मुलीची दोन नावं कशी. बाईंनी दोन्ही उच्चार करून दाखवले. त्याने मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा म्हणायला सांगितलं. बाईंनी पुन्हा म्हटलं.

“मैडम, मुझे तो दोनों एक ही सुनाई दे रहे हैं.”

“बस,” बाई म्हणाल्या. “यही लिखिए.”

मी तिथे होते. वीस वर्षं ज्या कानांशी त्या भांडल्या, तेच कान त्या दिवशी त्यांच्या उपयोगी पडले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसलं नाही. तो टाइप करत असताना त्या त्याच्या जिभेकडे बघत होत्या.

मग दिल्ली. पहाटेच्या बसने गेल्या. बरोबर शपथपत्र, नव्याने केलेली सगळी भाषांतरं आणि रशियनमध्ये लिहिलेलं एक पानी पत्र. पत्राची प्रत त्यांनी मला दाखवली होती. त्यात होतं की मराठीत एका अक्षराचे दोन उच्चार आहेत. या कुटुंबाच्या गावी हे आडनाव दुसऱ्या उच्चाराने घेतात. इंग्रजी लिपीला हा फरक लिहिता येत नाही, रशियनला येतो, म्हणून भाषांतरकाराने तो लिहिला. शेवटचं वाक्य असं: चूक विद्यार्थिनीची नाही, भाषांतरकाराची आहे, आणि भाषांतरकार मी आहे.

दिल्लीत रशियन दूतावासात कागद तपासायला एक रशियन बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं, शिक्का दिला, सगळे कागद पुढे पाठवायचं कबूल केलं. परत आल्यावर बाईंनी मला हे चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य त्यांनी निघताना दारात सांगितलं.

“तिने माझी एक विभक्ती दुरुस्त केली.”

“मग?”

“बरोबर होती तिची,” त्या म्हणाल्या. इतकं खूश मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मान्यता आली. पत्रात सोनलचं आडनाव चारच्या आकड्यासारख्या अक्षराने होतं. बाईंनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी हिंदी च ने घ्यायला सुरुवात केली. आधी शिकवलेला च विसरायला सोनलला दोन दिवस लागले. तिथल्या हजेरीत तिने पहिल्याच हाकेला हात वर करायला हवा, एवढंच त्या म्हणाल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सोनल निघणार म्हणजे यादीत चार उरणार.

हे सगळ्यांना आधीपासून दिसत होतं. कोर्टाच्या आवारात, बसमध्ये, भाषांतरं करताना बाईंना ते माहीत होतं. त्या बोलल्या नव्हत्या. बोलले ते प्रवेश विभागाचे बाबूजी. ते वाईट माणूस नव्हते. बाई सोनलचं नाव कमी करायचा अर्ज घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि परत सरकवला.

“नाम तो रहने दीजिए, मैडम. लड़की वहाँ, नाम यहाँ. कौन देखता है. आपकी क्लास बच जाएगी.”

मीही तिथे होते. खरं सांगते, मला तो मार्ग वाईट वाटला नव्हता. एका वर्षाचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी मुलं मिळाली असती. मी तसं मराठीत पुटपुटलेही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “एका मुलीच्या दोन मुली झाल्या होत्या. त्यांची पुन्हा एक करायला मला दहा दिवस लागले. आता त्या एकीला दोन ठिकाणी बसवू?”

मग बाबूजींना त्यांनी हिंदीत एवढंच सांगितलं की नाव कमी केल्याचा दाखला त्यांना आजच हवा आहे, आणि त्या बाहेर बाकावर थांबतात. दाखला साडेचारला मिळाला.

पाचवा विद्यार्थी शोधायला त्यांच्याकडे तीन आठवडे होते. त्यांनी ते पुरते वापरले. झोटवाड्यातल्या क्लासेसमध्ये गेल्या, विश्वकर्माच्या कारखान्यांत निर्यात पाहणाऱ्यांना भेटल्या, परदेशी डॉक्टरकीच्या एजंटांच्या कार्यालयांत जाऊन बसल्या. एका एजंटाने त्यांना चहा दिला आणि त्याच्या मुलांना रशियन कशाला हवी, तिथे इंग्रजीत शिकवतात, असं सांगितलं. आजारी माणूस इंग्रजीत कण्हतो का, असं बाईंनी विचारलं. तो हसला. मुलं काही पाठवली नाहीत. मी पानात छोटी बातमी दिली. ती वाचून एक मुलगा आला, रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत हे ऐकून पाणी प्यायला खाली गेला, तो गेलाच. सोनलच्या वडिलांनी स्वतःचं नाव घालायची तयारी दाखवली. वर्गाला यायला जमेल का, बाईंनी विचारलं. पाळी दोन ते दहा, ते म्हणाले. बाईंनी त्यांचे आभार मानले आणि नाव लिहिलं नाही.

सोनलला निरोप द्यायला स्टेशनवर त्या आल्या नाहीत. त्या वेळी त्यांचा वर्ग होता, आणि वर्ग अजून चालू होता. उरलेल्या चौघांची हजेरी घेऊन त्यांनी त्या दिवशी गतिवाचक क्रियापदं शिकवली. रशियनमध्ये पायी जाण्याला एक क्रियापद आहे, वाहनाने जाण्याला दुसरं. जाऊन परत येण्याला वेगळं, आणि एकाच दिशेने निघून जाण्याला वेगळं. हे मला त्या गाइडने सांगितलं. बाई फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उदाहरणं लिहीत होत्या, असंही तो म्हणाला.

मुदत संपली तेव्हा यादीत चारच नावं होती.

मी बातमी लिहायला बसले. मथळा दिला होता: विद्यापीठातला रशियनचा वर्ग बंद. दुजोऱ्यासाठी बाईंना फोन केला.

“बंद लिहू नकोस,” त्या म्हणाल्या. “नोटीस निघायची आहे अजून.”

“पण बाई, बंदच झाला ना?”

“बंद झाला तर परत उघडायला विद्वत परिषदेपुढे जावं लागतं. दोन वर्षं जातात. स्थगित झाला तर पाच नावं पुरतात. उद्यापर्यंत थांब.”

दुसऱ्या दिवशी त्या कुलसचिवांच्या कार्यालयात गेल्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोनवर एक शब्द आला, “स्थगित.” मी मथळा बदलला.

त्या पावसाळ्यानंतर यजमानांच्या गुडघ्यांमुळे ते दोघं सांगलीला परत गेले. जाण्याआधी कापडी पिशवीतली ती फाइल बाईंनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिली आणि पोच घेतली. सोनलचं तिथे दुसरं वर्ष चालू आहे. वर्ग अजून कुणी सुरू केलेला नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका बातमीसाठी मी विद्यापीठात गेले होते. प्रवेश विभागाबाहेरच्या फलकावर, जाळीच्या आत, ती नोटीस अजून आहे. वरून तीन नव्या नोटिसा टोचल्या आहेत, म्हणून तिचा खालचा अर्धा भागच दिसतो. ‘बंद किया जाता है’ असं टाइप केलेलं. ‘बंद’वर शाईची एकच आडवी रेघ. वर बाईंच्या अक्षरात ‘स्थगित’. शेजारी कुलसचिवांची छोटी सही, आणि सहीवर विद्यापीठाचा शिक्का. त्या फलकावरचा बाबूजींचा एकूण एक शिक्का वाकडा आहे, घाईत मारलेला. हा सरळ आहे, कडेची अक्षरंसुद्धा वाचता येतात. तो मारला जात असताना बाई समोर उभ्या असणार.